बी.एस्सी. गणितानंतर संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण: कोणता मार्ग धरावा?

प्रश्न: विद्यार्थिनी, बी.एस्सी. तृतीय वर्ष (गणित), सोलापूर

सप्रेम नमस्कार. मी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात शिकते. ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांचे गणित) शिकताना लघुतम मार्ग शोधण्याची डाइक्स्ट्राची रीत समजली आणि अंतरे ऋण नसतील तर ती नेहमी बरोबरच उत्तर का देते याची सिद्धता लिहिताना मला जी गोडी लागली, ती इतर कोणत्याही प्रकरणात लागली नव्हती. तेव्हापासून पुढचे शिक्षण संगणकशास्त्रात घ्यावे, असे मनाने घेतले आहे. माझी संगणकाची तयारी मात्र पायथॉनच्या प्राथमिक ओळखीपुरतीच आहे.

काहीजण सांगतात की थेट एम.टेक. करता येते, काहीजण सांगतात की एम.सी.ए.शिवाय पर्याय नाही, तर आमच्या विभागातील शिक्षकांचे मत आहे की आधी गणितातच एम.एस्सी. पूर्ण करावी. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत, त्यामुळे शिक्षण किती वर्षे लांबेल आणि त्यातली किती वर्षे घरून पैसे मागावे लागतील, हाही प्रश्न माझ्यासाठी तितकाच महत्त्वाचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: गणिताचे निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

प्रथम पात्रतेचा गुंता सोडवू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गेट (एम.टेक.सारख्या प्रवेशांसाठीची राष्ट्रीय परीक्षा) परीक्षेला बसता येते, हे खरे आहे. परंतु परीक्षेला बसता येणे आणि एम.टेक.ला प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आय.आय.टी.सारख्या संस्थांत एम.टेक.साठी सामान्यतः चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संबंधित विषयातील एम.एस्सी. लागते. तीन वर्षांची बी.एस्सी. तिथे अपुरी पडते, मग गेटमधील गुण कितीही चांगले असोत. तुमची तुकडी नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेतील असेल आणि चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेण्याचा तुमचा विचार असेल, तर ती पदवी ग्राह्य धरली जाईल का, हे त्या त्या संस्थेला लेखी विचारावे. तोंडी आश्वासनावर एक वर्ष पणाला लावू नये.

तुमच्या शिक्षकांच्या सल्ल्यात तथ्य आहे. गणितात एम.एस्सी. करून गेटच्या संगणकशास्त्राच्या पेपरमार्गे एम.टेक.ला जाता येते आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.टेक. संगणकशास्त्राचे दारही गणिताच्या एम.एस्सी.ला उघडे आहे. खर्चाचे म्हणाल, तर एम.एस्सी.ची दोन वर्षे घरूनच निभावावी लागतात, परंतु गेटद्वारे एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते.

मात्र तुम्ही सिद्धतेच्या ओढीने इकडे येत आहात, हे वाचून मला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे नाव सुचवावेसे वाटते. तेथील एम.एस्सी. संगणकशास्त्राला गणितातील बी.एस्सी. चालते, अट एवढीच की संगणकशास्त्राचा पाया भक्कम हवा. प्रवेश परीक्षेत विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स), तर्कशास्त्र, ऑटोमाटा (गणनयंत्रांची गणिती प्रतिमाने) आणि अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या पायरीवार रीती) यांवर भर असतो, म्हणजे निम्मी वाट तुमच्या ओळखीचीच आहे. शुल्कात सवलत मिळते का, याची अर्ज करतानाच चौकशी करावी.

उत्तर: एम.सी.ए. करून पुण्यात नोकरी करणारा, मूळचा बार्शीचा

सरांच्या म्हणण्याचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. घरच्या परिस्थितीचा उल्लेख प्रश्नातच आहे, त्यामुळे चार वर्षांच्या मार्गापेक्षा दोन वर्षांत कमावते करणारा मार्ग आधी तपासायला हवा. एम.सी.ए. आता बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची आहे आणि एन.आय.टी.मधील प्रवेशासाठी होणाऱ्या निमसेट परीक्षेत एक हजारांपैकी सहाशे गुण एकट्या गणिताला राहिलेले आहेत. बी.सी.ए. करून आलेली मुले जिथे अडखळतात, तिथे तुम्ही पुढे असाल. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ६० टक्के गुणांची अट आहे, तेवढी सांभाळा. ते न साधल्यास राज्याच्या सी.ई.टी.मधून महाराष्ट्रातील महाविद्यालये आहेतच. संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांना तिथे पूरक विषय करावे लागतात, त्याचा बाऊ करू नये.

खरी अडचण प्रवेशानंतर येते. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि सी भाषेतील पॉइंटर (मेमरीतील पत्ते हाताळण्याची सोय) हे विषय गणिताच्या बळावर सुटत नाहीत. तिथे यंत्रासमोर बसून, चुका शोधत तासन्‌तास घालवावे लागतात आणि सिद्धता नीटनेटकी लिहिण्याची सवय असलेल्या मुलांना हा पसारा सुरुवातीला फार त्रास देतो.

उत्तर: एम.एस्सी. गणित, नंतर एम.टेक. संगणकशास्त्र

वरील दोन्ही उत्तरांत एक मुद्दा राहून गेला आहे, तो म्हणजे विचार करण्याची पद्धत बदलावी लागते. गणितात एखादी गोष्ट अस्तित्वात आहे, एवढे सिद्ध झाले की आपण समाधानी होतो. संगणकशास्त्रात ती किती वेळात सापडेल, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. बी.एस्सी.त शिकलेला निश्चयकच (डिटरमिनंट) घ्या. व्याख्येप्रमाणे विस्तार केला, तर २० × २० च्या मॅट्रिक्सला २० फॅक्टोरियल, म्हणजे सुमारे २.४ गुणिले १० चा अठरावा घात इतकी पदे येतात. सेकंदाला शंभर कोटी पदे हिशेबात घेणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी सत्तरहून अधिक वर्षे लागतील. ओळींवर क्रिया करून मॅट्रिक्स त्रिकोणी करण्याची गॉसची रीत तेच उत्तर सुमारे अडीच-तीन हजार गुणाकारांत देते. परीक्षेत दोन्ही रीतींना सारखेच गुण मिळतात, म्हणून हा फरक आपल्या कधी डोळ्यांत भरत नाही.

गणिताची शिदोरी मात्र वाया जात नाही. लूप (प्रोग्रॅममधील पुन्हा पुन्हा चालणारा भाग) बरोबर चालते हे दाखवणे म्हणजे गणिती विगमनच (इंडक्शन) आहे. १९७७ मध्ये आलेली, संदेश गुप्त ठेवणारी आर.एस.ए. सांकेतिक पद्धत ऑयलरच्या प्रमेयावर उभी आहे. संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्यात ठेवून) ठरवणारी रीत २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.त मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मांडली, तिच्या मुळाशीही मॉडर्न अल्जिब्राच आहे. (जाता जाता: चादरीवरची नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्ड मागावरील भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची कल्पनाच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली होती. वडिलांना हे अवश्य सांगा.)

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. घरी चर्चा केली. चेन्नई आणि निमसेट या दोन्ही परीक्षा द्याव्यात आणि दोन्हीकडे न जमल्यास राज्याच्या सी.ई.टी.तून प्रवेश घ्यावा, असे ठरत आहे. फक्त एक शंका उरते: पदवी परीक्षेचा अभ्यास सांभाळून दोन्हींची तयारी एकत्र होईल का, आणि प्रोग्रॅमिंगला सुरुवात कशापासून करावी?

उत्तर: गणिताचे निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. निमसेटमध्ये बहुपर्यायी प्रश्न वेगाने सोडवायचे असतात, तर चेन्नईच्या परीक्षेत युक्तिवाद नीट मांडता यावा लागतो. म्हणून आता हाताशी असलेले महिने विविक्त गणित, अल्गोरिदम आणि ऑटोमाटा यांना द्यावेत, कारण हे विषय घाईत होत नाहीत. निमसेटचे गणित बरेचसे अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या सुरुवातीच्या वळणाचे असते. विद्यापीठाची परीक्षा संपल्यावर घड्याळ लावून त्याचा सराव केला तरी चालेल.

प्रोग्रॅमिंगसाठी एन.पी.टी.ई.एल. या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याच्या रचना) आणि अल्गोरिदम शिकवणारा अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. ते चेन्नईच्या त्याच संस्थेत शिकवतात, त्यामुळे तेथील शिकवण्याची धाटणीही कळेल. सोबत आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक घ्या. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची उतरती आणि चढती मांडणी करून वजाबाकी करत गेले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. हे सर्व संख्यांसाठी तपासणारा प्रोग्रॅम आधी पायथॉनमध्ये आणि मग सी भाषेत लिहा. वजाबाकी तीन अंकी आली, तर डावीकडे शून्य धरायला विसरू नका. प्रोग्रॅम हमखास तिथेच फसतो. तो चालला की पाच अंकी संख्यांवर लावून पाहा. तिथे एकच स्थिरांक मिळत नाही, संख्या चक्रात फिरू लागतात, आणि ते चक्र ओळखून थांबणारा प्रोग्रॅम लिहिण्यासाठी तुम्हाला पहिल्यांदा डेटा स्ट्रक्चरची खरी गरज भासेल.

शेवटच्या सत्राची गुणपत्रिका कोणत्या तारखेपर्यंत सादर करायची, हे दोन्ही माहितीपत्रकांत आताच पाहून ठेवा. निकाल लांबल्यास परीक्षा विभागाकडून कोणता दाखला मिळू शकतो, याचीही महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करून ठेवावी.