दीड वर्षाच्या मुलाचा खेळ पाहावा की तक्ता भरावा?

पांगुळगाडा (धागाकर्ता)

आमचा मुलगा गेल्या आठवड्यात दीड वर्षाचा झाला. सकाळी उठल्या उठल्या तो ओट्याखालचा कप्पा उघडतो, स्टीलचे डबे एकेक करून बाहेर काढतो आणि त्यांना झाकणे लावत बसतो. मोठे झाकण लहान डब्यावर बसले नाही की ते फिरवतो, उलटे करतो, आपटतो, आणि अखेर नेमके झाकण बसले की माझ्याकडे न पाहता स्वतःशीच 'हं' असा आवाज काढतो. दिवसातली ही पंधरा मिनिटे माझी हक्काची होती. आता मात्र पत्नीने फोनवर एक ॲप घेतले असून 'कपाने पाणी पितो का', 'तीन शब्द बोलतो का' अशा प्रश्नांपुढे रोज खुणा चालू आहेत, आणि खूण राहिली की घरात सुतकी शांतता पसरते.

माझा आक्षेप असा की हे तक्तेच स्थिर नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) 2022 मध्ये आपली यादी बदलली, त्यात रांगणे हा टप्पाच काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये, दिल्लीतल्या मुलांसह पाच देशांतल्या बाळांच्या निरीक्षणावरून, आधाराविना चालण्याचा जो काळ दिला तो 8.2 ते 17.6 महिने इतका ऐसपैस आहे. मग आठवड्यांच्या हिशेबाने धास्तावण्यात काय अर्थ आहे? मुलगा सध्या 'बाबा' आणि 'भूभू' एवढेच म्हणतो. आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात, मीही अडीच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो.

दोन वेण्या

आपले शेवटचे वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझी मुलगी बोलत नव्हती तेव्हा 'आत्यावर गेली आहे' असे सगळे म्हणत, आणि आत्या शिक्षिका असल्यामुळे तो युक्तिवाद फारच गोड वाटे. मिक्सर लागला की ती दचके, दार आपटले की वळून पाही, म्हणून ऐकू येण्याविषयी शंका कोणालाच आली नाही. ती दोन वर्षे आठ महिन्यांची असताना बेरा चाचणी (आवाजाला कान आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणारी तपासणी) झाली आणि दोन्ही कानांना उंच पट्टीचे आवाज फार कमी ऐकू येतात असे निघाले. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. आज ती श्रवणयंत्र लावून शाळेत जाते आणि माझ्याशी कडाकडा भांडते. परंतु जी खूण आपल्याला छळते, तशी एक खूण अठराव्या महिन्यात रिकामी दिसली असती तर आम्ही वर्षभर आधी पोहोचलो असतो. आपल्या पत्नीचे बरोबर आहे.

आकडेमोड

धागाकर्त्यांनी 2022 च्या बदलाचा अर्थ उलटा लावला आहे. पूर्वीच्या यादीत साधारण निम्म्या मुलांना जमणारे टप्पे असत, त्यामुळे टप्पा चुकला तरी 'वाट पाहू' म्हणायला जागा राहत असे. नव्या यादीत किमान 75 टक्के मुलांना त्या वयात जमते तेच ठेवले आहे. म्हणजे यादी सैल झाली म्हणून ती न जमणे अधिक दखल घेण्याजोगे झाले. या सैलपणावर वाचा-भाषातज्ज्ञांनी टीका केली, हेही खरे. रांगण्याचे म्हणाल, तर आपण सांगता त्याच 2006 च्या पाहणीत 4.3 टक्के बाळे हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरी चालू लागली.

तरीही 'दोन वेण्या' यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. तक्ता निदान करीत नाही, आणि ॲप तर मूल अपुऱ्या दिवसांचे होते का एवढेही बहुधा विचारीत नाही. अशा मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रत्यक्ष जन्मापासून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते. माझ्या बहिणीने सात आठवडे आधी जन्मलेल्या बाळासाठी असाच तक्ता भरून दोन महिने उगाच रडून काढले.

निवृत्त सेविका

मी सव्वीस वर्षे अंगणवाडी चालवली. बाळाच्या बाबांनी स्वतःच लिहून ठेवलेल्या तीन शब्दांकडे कोणाचे लक्ष गेले नाही याचे नवल वाटते: 'माझ्याकडे न पाहता'. झाकणात गुंग झालेले मूल एखाद्या वेळी वर पाहत नाही, त्यात काही वावगे नाही. पण पत्र्यावर कावळा बसला तर तो बोट दाखवतो का, आणि दाखवून वळून तुमच्या तोंडाकडे पाहतो का? खाऊच्या डब्याकडे बोट करणे निराळे, त्याला काहीतरी हवे असते. नुसते दाखवण्यासाठी बोट करणे निराळे, आणि दीड वर्षाला मी शब्दांच्या आधी हेच पाहत असे. हातवारे न करता 'चेंडू आण' म्हटले तर आणतो का, केरसुणी दिसली की केर काढल्यासारखे करतो का, हेही खेळताखेळताच दिसते. परीक्षा घ्यायला बसलात तर मूल हटकून काहीच करणार नाही.

शंका राहिली तर 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि विकासातील विलंब त्यांच्या तपासणीत असतो. तेथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शहरातल्या सोसायट्यांना अंगणवाडी कोणत्या गल्लीत आहे हे ठाऊक नसते, ती गोष्ट वेगळी.

सातवा मजला

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. आमच्या बागेत संध्याकाळी आया एकमेकींच्या मुलांचे शब्द मोजतात आणि त्याच आया जेवताना मुलांपुढे मोबाईल धरतात. आधी ते बंद करावे, मग तक्ते भरावेत.

पांगुळगाडा (धागाकर्ता)

सेविकाताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही, आणि तेच मला लागले. रोज पंधरा मिनिटे पाहतो म्हणणाऱ्या बापाला मुलगा बोट दाखवतो की नाही हे आठवेना. म्हणून तीन दिवस थांबून लिहीत आहे. खाऊसाठी तो बोट करतोच. पहिले दोन दिवस त्यापलीकडे काही दिसले नाही. काल सकाळी घंटागाडी आली तेव्हा तो डबे टाकून खिडकीशी गेला, गजातून बोट बाहेर काढले आणि मान वळवून माझ्याकडे पाहत राहिला, मी 'हो, गाडी' म्हणेपर्यंत.

चेंडू मात्र हात न दाखवता त्याने आणला नाही, पाचपैकी एकदाही नाही. गुरुवारी कानांची तपासणी ठरवली आहे. ॲपविषयीचे माझे मत बदललेले नाही. पत्नीने हा धागा वाचून 'पाचपैकी एकदाही नाही, हे मोजलेस कसे?' एवढेच विचारले.