'पुनर्वसन' नेमकं कशाला म्हणायचं?

उल्था
एका अहवालाचं मराठी करते आहे. जिथे पूर, दरडी, भूकंप पुन्हा पुन्हा येतात, तिथे घरं परत उभी करायला सरकारने पैसा द्यावा का, असा विषय आहे. मूळ मजकुरात रीबिल्डिंग, रिहॅबिलिटेशन आणि रीसेटलमेंट हे तीन शब्द आहेत आणि सगळा युक्तिवाद त्यांच्यातल्या फरकावर उभा आहे. मी पहिल्याला 'पुनर्बांधणी' आणि उरलेल्या दोन्हींना नाइलाजाने 'पुनर्वसन' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'मराठीत हाच शब्द रूढ आहे' असा शेरा मारून तिन्ही ठिकाणी 'पुनर्वसन' केलं. आता वाक्य असं झालंय: 'धोक्याच्या जागी पुनर्वसनाला निधी देऊ नये, तो पुनर्वसनाला द्यावा.' कृपया शब्द सुचवा. आणि 'डिझास्टर-प्रोन'ला 'आपत्तीप्रवण' चालेल का?

पाणिनीय
समासात 'आपत्तिप्रवण', ति ऱ्हस्व. 'प्रवण' म्हणजे मुळात उतरता, ढाळ असलेला. त्यावरून 'कल असलेला'. 'अवर्षणप्रवण' आपल्याकडे कधीचा रुळला आहे, त्यामुळे शब्द निर्दोष आहे.
'पुनर्वसन' मात्र मला खटकतो. 'वसन' म्हणजे स्वतः वसणे. दुसऱ्याने वसवणे म्हणजे 'वासन'. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या हिंदी नावात 'पुनर्वासन' आहे, तो अर्थाने नेमका आहे. सरकार लोकांना वसवतं, लोक आपोआप वसत नाहीत. शिवाय संस्कृतात 'वसन' म्हणजे वस्त्रही.

निवृत्त_तलाठी
उल्थाताई, त्याच कायद्याच्या मराठी नावात तुमचं उत्तर आहे. 'भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना' असं ते नाव सुरू होतं. म्हणजे रिहॅबिलिटेशन पुनर्वसन आणि रीसेटलमेंट पुनर्वसाहत. छापलेलं आहे, कोणी नाही म्हणू शकणार नाही.
पण खरं सांगायचं तर 'पुनर्वसाहत' हा शब्द मी नोकरीत कोणाच्या तोंडून ऐकला नाही. गाव हललं की कागदावर 'नवीन गावठाण' यायचं आणि लोक म्हणायचे 'गाव उठलं'.

तेरणाकाठ
आमच्या भागात हे शब्द कधीच एक नव्हते. १९९३ साली अनंत चतुर्दशीची रात्र सरून ३० सप्टेंबरची पहाट होत होती, तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी माळवदाखाली गेली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडाचे सर आणि वर मातीचा जाड थर. तो थर उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, म्हणून गळती लागली की दरवर्षी त्यावर आणखी माती पडायची. त्या पहाटे तेवढं सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.
नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जे काम झालं त्याचे तीन प्रकार होते. बावन्न गावं पार हलवली. काही गावांत जागेवरच नवी घरं बांधली. बाकी गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरण: भिंतीत आरपार जाणारे दगड घालायचे, काँक्रीटचे पट्टे द्यायचे, माळवदावरची माती उतरवायची. आमच्याकडे 'पुनर्वसनातलं गाव' म्हटलं की हललेलं गाव, दुसरं काही नाही. मजबुतीकरणाच्या गावातला माणूस 'आमचं पुनर्वसन झालं' असं म्हणणार नाही, उलट 'आमचं झालंच नाही' म्हणेल.
तुमच्या अहवालाच्या मूळ प्रश्नावरही बोलतो. पैसा द्यावाच. पण सगळ्यांत जास्त पैसा हललेल्या गावांवर गेला आणि तिथलीच घरं लोकांना सगळ्यांत परकी वाटली. घर जमिनीच्या मानाने मिळालं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावर ४५०, सात हेक्टरच्या वर जमीन असेल तर ७५०. जुन्या गावात गल्ली होती, ओसरी होती, वाडा होता. नव्या गावात सरळ रेषेत रस्ते, आणि रान लांब पडलं. मजबुतीकरणावर माणशी कितीतरी कमी खर्च आला आणि तिथे माणूस आपल्याच गल्लीत, आपल्याच शेजाऱ्याजवळ राहिला. म्हणून 'पुनर्बांधणी' आणि 'पुनर्वसन' यांची सरमिसळ करू नका. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे.

पाणिनीय
तेरणाकाठ, माहिती मोलाची आहे. फक्त 'पुनर्बांधणी'बद्दल: संस्कृत 'पुनर्' आणि मराठी 'बांधणी' असा हा संकर आहे. 'पुनर्रचना' किंवा 'पुनर्निर्माण' शुद्ध.

सह्यकडा
'पुनर्निर्माण' हिंदी वर्तमानपत्रातून आलंय. मराठीला 'फेर' आहे की. फेरतपासणी, फेरविचार, फेरनिवडणूक. मग 'फेरबांधणी' का नको? कुठल्याही गवंड्याला कळेल.

पाणिनीय
'फेर' म्हटलं की आधीचं चुकलं म्हणून पुन्हा, अशी छटा येते. फेरतपासणी आपण शंका आल्यावरच करतो.

सह्यकडा
धोक्याच्या जागी घर होतं ते चुकलंच होतं की. मग छटा बरोबर बसते.

कृष्णाकाठ
'चुकलंच होतं' हे इतक्या सहज लिहू नका. माझं माहेर नदीकाठचं. २००५ला पाणी आलं, २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ला परत आलं. तरी लोक तिथेच आहेत, कारण मळीची जमीन तिथे आहे. जो पूर घर बुडवतो तोच ती जमीन करून देतो. आमच्या आजोबांच्या पिढीने घर आणि जनावरं उंचावर बांधली होती, पाणी चढलं की घरी कोण थांबेल आणि कोण बाहेर पडेल ते ठरलेलं असायचं. चूक असेल तर ती अलीकडे नदीच्या पात्रालगत प्लॉट पाडून विकणाऱ्यांची आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांची आहे.
कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना १९८९च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. तरी आजही बरंचसं गाव जुन्या जागीच राहतं आणि पूर आला की सोनतळीकडे धाव घेतं. याला काय म्हणायचं? पुनर्वसन झालं म्हणायचं की नाही?
आणि 'पूरप्रवण' हा शब्द मला आवडत नाही. त्यात दोष जागेवर जातो. 'पूरग्रस्त' म्हटलं की निदान माणूस दिसतो.

निवृत्त_तलाठी
'ग्रस्त'ही सरकारी कागदावर मागे पडत चाललाय, आता सगळीकडे 'बाधित'. पूरबाधित, दरडबाधित. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रासलेला, ग्रहणातला 'ग्रास' तोच. 'बाधित' म्हणजे नुसता त्रास झालेला. शब्द सौम्य झाला की मदतीचं प्रमाणही त्यातच बघितलं जातं, असा माझा अनुभव आहे. पंचनाम्यात 'पूर्णतः नष्ट' आणि 'अंशतः पडझड' यांत एका शब्दाचं अंतर आहे, पण पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये, आणि अंशतः पडझडीला त्याच्या कितीतरी खाली. मागची एक भिंत उभी राहिली म्हणून 'अंशतः' लिहायला लागलं, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या घरात परत कोणी राहू शकत नव्हतं.
या पैशाला नाव काय, तेही बघा. मृताच्या वारसांना मिळतं ते 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह, म्हणजे कृपा. 'नुकसानभरपाई' म्हटलं तर हक्क येतो, म्हणून तो शब्द टाळतात. जुन्या काळी 'तगाई' होती, ते कर्ज होतं, फेडायला लागायचं, पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नव्हती.

कृष्णाकाठ
काका, तगाईच्या वसुलीच्या गोष्टी आमच्या घरात वेगळ्या सांगतात. भांडी जप्त व्हायची. मान खाली जायचीच.

सह्यकडा
'प्रवण'बद्दल कृष्णाकाठताईंशी सहमत, पण कारण वेगळं आहे. 'प्रवण' ठरवतं कोण? १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ती वाडी दरडींच्या धोक्याच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच नंतर सांगितलं. ज्या धोरणात 'आपत्तिप्रवण' जागांना एक नियम आणि इतरांना दुसरा, तिथे यादीत नाव नसलेल्या वाडीचं काय? आधी हलवायचं तर ती यादीत नाही आणि नंतर हलवायला कितीतरी माणसं उरलीच नाहीत. वाचलेल्यांना चौक गावाजवळ घरं बांधून दिली, ते योग्यच झालं. माळीणलाही तसंच. ३० जुलै २०१४ला १५१ माणसं गेली आणि नवं माळीण आमड्यात उभं राहिलं. पण पैसा मरणानंतर सुटतो, ही खरी अडचण आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवताना तातडीच्या मदतीला ४० टक्के, परत उभारणीला ३०, सज्जतेला १० आणि आधीच धोका कमी करायला २० टक्के ठेवले. वीसच.

उल्था
त्या शेवटच्या वीस टक्क्यांना मराठीत काय म्हणतात? माझ्या अहवालात 'मिटिगेशन' पानोपानी आहे.

निवृत्त_तलाठी
परिपत्रकात 'सौम्यीकरण'.

पाणिनीय
'उपशमन' हवं. 'सौम्यीकरण' म्हणजे आपत्तीला सौम्य करणं. भूकंप सौम्य करता येत नाही.

तेरणाकाठ
भूकंप शमवताही येत नाही. माळवदावरची माती उतरवणं याला आमच्याकडे 'भार कमी करणं' म्हणत होते. तेच लिहा, 'धोका कमी करणे'. दोन शब्द जास्त लागले तर लागू देत.

सह्यकडा
आणि कृपा करून 'भूस्खलन' लिहू नका. दरड म्हणा.

पाणिनीय
दरड म्हणजे कडा किंवा उभा काठ. कडा सुटून पडतो तेव्हा 'दरड कोसळली' बरोबर. माळीणला भिजलेली माती उतारावरून घसरत आली. तिथे 'भूस्खलन' जास्त नेमकं.

सह्यकडा
कोकणात कोणी वर्गीकरण करत बसत नाही. 'डोंगर आला' म्हणतात. भिजलेली माती असो, धोंडे असोत, झाडांसकट असो, डोंगर आला. २२ जुलै २०२१ला तळियेलाही लोक हेच म्हणत होते.

उल्था
सगळ्यांचे आभार. मी असं ठरवतेय: त्याच जागी बांधणं म्हणजे 'पुनर्बांधणी', जागा बदलून वसवणं म्हणजे 'पुनर्वसाहत' आणि घर, शेत, काम, शाळा असं सगळं मिळून 'पुनर्वसन'. हे चालेल?

तेरणाकाठ
तुमच्या व्याख्येने आमच्या बावन्न गावांची पुनर्वसाहत झाली, पुनर्वसन व्हायला पुढची कितीतरी वर्षं गेली. मला पटतं. पण तपासणारे ऐकणार नाहीत.

कृष्णाकाठ
मला नाही पटत. यात पहिला शब्द सगळ्यांत हलका दिसतो, आणि अहवाल वाचणारा अधिकारी 'पुनर्बांधणी'ला निधी नको असा अर्थ काढून मोकळा होईल. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारने आखलेल्या पूरहद्दीच्या, आत नवं बांधकाम नको, मान्य. पण ती रेषा आखायच्या आधीपासून जे गाव तिथे आहे, त्याचं जोतं उंच करायला, वर माळा काढायला पैसा लागतो. त्यालाही पुनर्बांधणीच म्हणणार ना? मग सांगलीच्या पेठेला आणि पात्रातल्या नव्या प्लॉटला तुम्ही एकच शब्द लावताय.

निवृत्त_तलाठी
त्यासाठी मजबुतीकरण आहेच की, तेरणाकाठ म्हणाले तसं.

कृष्णाकाठ
मजबुतीकरण भिंतीचं. जोतं उंच करणं वेगळं. आमच्याकडे त्याला 'भर घालणं' म्हणतात.

पाणिनीय
भर घालणे म्हणजे वाढवणे, हा अर्थ आधीच रूढ आहे. गोंधळ होईल.

निवृत्त_तलाठी
मघाशी राहिलं. उठलेल्या गावाला महसुलात 'बेचिराख' म्हणतात. बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही असं गाव. माणूस राहत नसला तरी त्या गावाची हद्द, गट नंबर आणि सातबारा कागदावर जिवंत राहतात. तेव्हा उल्थाताई, जुन्या जागेसाठी शब्द लागला तर हा घ्या.

पाणिनीय
'चिराग'चं 'चिराख' कसं झालं, ते कोणाला सांगता येईल का? की मुळात शब्दच वेगळा आहे?