नवा टॉप-हँडल सॉ घेण्याआधी जुना का जाम झाला ते बघा

३५ सीसीचा जुना टॉप-हँडल सॉ (झाडावर चढून वापरायचा, वर मूठ असलेला छोटा चेनसॉ) जाम झाला, म्हणजे इंजिनात पिस्टन अडकला, आता तसाच घ्यावा की २५ सीसीचा, हा तुमचा प्रश्न. पण आधी जुन्याचा सायलेन्सर काढून पिस्टन बघा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील, तर बहुधा तेल कमी पडलं किंवा इनटेकच्या रबरी बूटमधून (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारी रबरी नळी) हवा शिरून मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. कॅनमधलं पेट्रोल-तेलाचं मिश्रण चुकीचं असेल, तर नवा सॉही तसाच जाईल. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल, तेही जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हाताने ट्यून करायच्या कार्बोरेटरला ते सोसत नाही, त्यातला डायफ्रॅम (पातळ पडदा) कडक होतो. काम संपलं की टाकी रिकामी करा.

आता निवड. रोजचं काम छाटणीचं असेल तर एको सीएस-२५११टीईएस घ्या. बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून वजन २.३ किलो, दिवसअखेर मनगटाला फरक कळतो. चिंच किंवा वर्षावृक्षाच्या जाड फांद्या उतरवायच्या असतील तर तो दमतो. तिथे स्टिल एमएस २०१ टीसी-एम, ३५.२ सीसी, ३.७ किलो. त्याचं एम-ट्रॉनिक मिश्रण स्वतः जुळवतं. बार १२ इंचीच ठेवा. १४ इंचीने तोल पुढे जातो आणि एका हाताने कापायचा मोह वाढतो, तिथेच किकबॅक (बारचं टोक अडकून सॉ झटक्यात अंगाकडे उसळणं) लागतो.

बॅटरीचा सॉ वर झाडावर इंजिन सुरू करायला दोरी ओढायचा त्रास वाचवतो, पण दिवसभरासाठी किमान एक जादा बॅटरी धरूनच हिशेब करा. आणि सुटे भाग देणारा विक्रेता जवळ नसेल, तर तो मॉडेल सोडा.