फ्री टू एअर रिसीव्हर घ्यायचाय, तीन डब्यांत अडकलोय, सल्ला द्या

गच्चीवरचा_गोंधळ
नमस्कार मंडळी. रिचार्ज बंद करून वर्ष झालं, छत्री गच्चीवर तशीच उभी आहे. आता बाबा म्हणतायत की फुकटचे चॅनल तरी दिसू देत. तेव्हा फ्री टू एअर डबा घ्यायचाय. तीन बघून ठेवलेत. पहिला एकदम साधा, एमपेग-२ वाला (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत), मागे फक्त लाल-पांढरी-पिवळी पिन, म्हणजे एव्ही. दुसरा डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रसारणाची नवी पद्धत, जुनी ती नुसती एस), एमपेग-४, एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही, पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग पण होतं म्हणे. तिसरा दुसऱ्यासारखाच पण एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५, एमपेग-४ च्या पुढची पद्धत), वायफाय, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के.
बजेट दुसऱ्यापर्यंतच. तिसऱ्यासाठी ताणावं लागेल आणि ताणायचं नाहीये, आधीच सांगतो. टीव्ही जुना आहे, एचडीएमआय नाही. बघणार एकटे बाबा, बातम्या आणि जुनी गाणी. कोणता घेऊ?

सिग्नल_सम्राट
तिसरा घे, डोळे झाकून. थोडं ताण. माझ्याकडे लिनक्सवाला एनिग्मा२ चा डबा आहे, दोन ट्यूनर, सव्वा मीटरची छत्री, मोटर लावलीय, घरात बसून रिमोटवरून छत्री फिरते. एकदा तो वापरला की बाकीचे सगळे खेळणी वाटतात. ब्लाइंड स्कॅन मारला की फ्रिक्वेन्सी माहीत नसलेले ट्रान्सपॉंडर, म्हणजे उपग्रहावरचे चॅनलचे गठ्ठे, पण सापडतात.

गच्चीवरचा_गोंधळ
दादा, बाबांना बातम्या बघायच्यात, छत्री फिरवायची नाहीये.

अण्णा_अँटेना
डबा कुठलाही घ्या हो, सगळे आतून सारखेच. खरा घोळ एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा असतो. माझा अनुभव आहे. तीन डबे बदलले, शेवटी एलएनबी बदलली तेव्हा चित्र आलं. आधी एलएनबी बदला, मग बोला.

चष्मिष्ट
अण्णा, सगळे आतून सारखे नसतात, इथेच माझी फसगत झाली होती. मी स्वस्तात एमपेग-२ वाला आणला. काही चॅनल छान दिसायचे, काहींवर आवाज यायचा आणि पडदा काळा. मला वाटलं टीव्ही गेला. टीव्ही उघडून घेतला, त्याचे पैसे वेगळे गेले. नंतर कळलं की ते चॅनल एमपेग-४ मध्ये येतात, म्हणजे एच.२६४, आणि माझ्या डब्याला चित्र उलगडताच येत नाही, आवाज तेवढा कळतो. आणि जे चॅनल डीव्हीबी-एस२ वर आहेत ते तर साध्या एस वाल्या डब्याला सापडतच नाहीत, स्कॅनमध्येच येत नाहीत. एस२ वाल्याला मात्र दोन्ही चालतं. म्हणून पहिला बाद कर. दुसरा घे.

फक्त_वाचक
चष्मिष्ट यांच्याशी सहमत. एमपेग-२ घेऊ नका. मी पण तेच सांगणार होतो. दुसरा घ्या.

सिग्नल_सम्राट
दुसरा घेऊन दोन वर्षांनी रडणार. हळूहळू सगळं एच.२६५ वर जाणार, तेवढ्याच क्वालिटीला जवळपास निम्म्या डेटात काम होतं, मग चॅनलवाले कशाला थांबतील. तिसराच घे.

वायरमन_पप्पू
मी हेच काम करतो, रोज दोन-तीन छत्र्या तरी बसवतो. एचईव्हीसीचं म्हणणं चूक नाही, पण खोक्यावरच्या ४के ला भुलू नका. पुष्कळ डबे साधंच चित्र ताणून मोठं करून देतात आणि ४के छापतात. आत एच.२६५ चालतं का आणि किती रिझोल्यूशनपर्यंत, ते स्पेसिफिकेशनच्या कागदावर बघायचं. तुमच्या टीव्हीला एचडीएमआयच नाही, मग ४के चं काय लोणचं घालणार.
आता कोणी विचारलं नाही ते सांगतो. जुनी छत्री रिचार्जवाल्या कंपनीची आहे ना? ती त्यांच्या उपग्रहाकडे बघतेय. तुम्हाला हवे ते चॅनल दुसऱ्या उपग्रहावर असतील तर छत्री फिरवावी लागेल, डबा कितीही भारी असो. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर आहे, इथे बोटभर हललं की तिकडे सगळं गेलं. वर एक जण, खाली टीव्हीसमोर एक जण, आणि वरच्याने हळू फिरवायचं, प्रत्येक वेळी थांबायचं, कारण डब्याला सिग्नल दाखवायला दोन-चार सेकंद लागतात. लोक सरसर फिरवतात आणि उपग्रह ओलांडून पुढे जातात. दुसरं, मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ नुसती वायर-एलएनबी जोडली तरी दिसते, तिच्यावर खूश होऊ नका. क्वालिटी बघा. तिसरं, एलएनबीवर छापलेले आकडे बघून मेनूत तेच टाका, युनिव्हर्सल असेल तर ९७५० आणि १०६००.

अण्णा_अँटेना
बघा, पप्पूशेठ पण एलएनबीच म्हणतायत.

वायरमन_पप्पू
अण्णा, मी सेटिंग म्हणालो, बदला नाही म्हणालो.

बॅटरीवर_चालणारा
कोणी वीज गेल्यावर काय ते बघत नाही का? बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा डबा घ्या. अडॅप्टर जळला तर तेवढाच बदलता येतो. आत पॉवर सप्लाय असलेला गेला की सगळा डबा खोलायचा. माझा आतलाच गेला, एका कडकडाटात. तेव्हापासून वीज चमकली की आधी मागची वायर काढतो, मग खिडक्या लावतो.

सिग्नल_सम्राट
रेकॉर्डिंगचा विषय राहिला. दुसऱ्यात एकच ट्यूनर असणार. एक चॅनल रेकॉर्ड करताना दुसरा बघायचा तर तो त्याच ट्रान्सपॉंडरवर असावा लागतो, नाहीतर जमत नाही. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा, मग तुकडे पडतात. माझ्या डब्यात हा त्रासच नाही.

गच्चीवरचा_गोंधळ
रेकॉर्डिंग कोणी करणार नाही हो, पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, चूक माझी.

स्वस्तात_मस्त
एवढं डोकं कशाला, एक डबा मिळतो त्यात सगळे पैशाचे चॅनल पण फुकट दिसतात, नेट जोडायचं फक्त. कोणाला हवा असेल तर सांगा.

चष्मिष्ट
ते चोरीचं काम आहे, आणि चार दिवस चालतं, कोड बदलला की बंद. धागा फ्री टू एअरचा आहे, म्हणजे जे मुळातच उघडं प्रसारण आहे ते. कृपया इथे नको.

वायरचा_वाली
मी एकच सांगतो. वायर. माझ्याकडे पावसात डब्याच्या मागून पाणी ठिबकलं. खोटं नाही सांगत, टेबलावर थेंब. एलएनबीच्या तोंडाशी वायरीच्या टोकाचा एफ कनेक्टर नीट बसला नव्हता, पाणी वायरीच्या आतून, जाळीतून उतरत उतरत खाली डब्यापर्यंत आलं. तांबं हिरवं झालं होतं. आरजी-६ वायर घ्या, वरचा कनेक्टर रबरी बुटात घाला, आणि वायर एलएनबीतून निघाली की आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. आणि डबा चालू असताना कनेक्टर लावू नका. वायरीवरून एलएनबीला १३ नाहीतर १८ व्होल्ट जातात, जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली की शॉर्ट. बरे डबे स्क्रीनवर तसं सांगून थांबतात, बाकीचे मरतात.

फक्त_वाचक
छान माहिती. वायर चांगली घ्या.

गच्चीवरचा_गोंधळ
अपडेट. घेतला. तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही नाही. बाबांना सोबत नेलं होतं, तिथेच चूक झाली म्हणा किंवा बरं झालं म्हणा. त्यांनी डब्यांकडे बघितलंच नाही, रिमोट हातात घेऊन बघितले. दुसऱ्याच्या रिमोटवर पन्नास बटणं, आकडे पुसट, चष्मा लावून पण दिसेनात. चौथाच एक कोपऱ्यात होता, छोटा, समोर आकडे दिसत नाहीत, यूएसबी नाही, पण रिमोटची बटणं ठसठशीत आणि चॅनल प्लस-मायनस अंगठ्याखाली. हा म्हणाले. एस२ आणि एमपेग-४ आहे आणि एव्ही पिन आहे एवढं मी बघून घेतलं. एचईव्हीसी नाही.

सिग्नल_सम्राट
मग विचारलं कशाला.

गच्चीवरचा_गोंधळ
पण एक अडचण आहे. छत्री फिरवून झाली, क्वालिटी पण चांगली, तरी निम्मेच चॅनल आले. यादीत बघितलं तर आलेले सगळे व्हर्टिकलचे (उभ्या लहरींवरचे), हॉरिझॉंटलचा (आडव्या लहरींवरचा) एकही नाही.

अण्णा_अँटेना
एलएनबी.

वायरमन_पप्पू
थांबा. व्हर्टिकलला डबा १३ व्होल्ट पाठवतो, हॉरिझॉंटलला १८. वाटेत व्होल्ट पडले की एलएनबीला कळतच नाही की बदलायचंय, ती व्हर्टिकलवरच बसून राहते. मेनूत एलएनबी पॉवर १३/१८ वर आहे ना ते बघा. असेल तर वायरीला मध्ये कुठे जोड आहे का ते शोधा.

गच्चीवरचा_गोंधळ
सापडला. पाण्याच्या टाकीमागे जोड होता, वर काळी टेप गुंडाळलेली, कोणी कधी केला देव जाणे. टेप सोलली तर आत हिरवं पीठ. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सरळ खालपर्यंत आणली, डबा बंद करून जोडली. सगळे चॅनल आले.

वायरचा_वाली
मी काय म्हणालो होतो.

अण्णा_अँटेना
मी पण तेच म्हणत होतो.

गच्चीवरचा_गोंधळ
अण्णा, तुम्ही एलएनबी म्हणत होतात.

अण्णा_अँटेना
तेच ते, वरचंच काहीतरी.