ठिगळ, जोड की खण? गोधडीतल्या तुकड्याला काय म्हणावं

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मैत्रिणी पुण्याहून गाडी काढून निघालो. पाचही जणी सुईदोऱ्याच्या वेड्या. दोघी गोधड्या शिवतात, एक क्रोशाचं विणकाम करते, एकीजवळ चरखा आहे, माझं भरतकाम. सातारा, कोल्हापूर, पट्टणकोडोली, बेळगाव आणि शेवटी उत्तर कन्नड जिल्ह्यातलं हल्याळ अशी वाट ठरवली होती.

साताऱ्याच्या अलीकडे एका गावात चहाला थांबलो. ओसरीवर एक आजी गोधडी पसरून बसल्या होत्या. आमच्यातली एक पुढे झाली आणि म्हणाली, "आजी, काय सुरेख ठिगळं लावलीत हो!" आजींची सुई थांबली. "ठिगाळ फाटक्याला लावत्यात, बाई. ही काय फाटली न्हाय."

पुढचा सगळा प्रवास आम्ही या एका वाक्यावर बोलत होतो. आजींचं अगदी खरं आहे. ठिगळ म्हटलं की आधी भोक येतं, मग तुकडा. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठंकुठं लावणार, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात हतबलताच असते. गोधडीत मात्र तुकडे जमवून नवीच वस्तू उभी राहते, तिथं झाकायला भोक नसतं. 'दंड'ही इथे चालणार नाही. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून दोन धड बाजू जोडायच्या, तो दंड. तीही दुरुस्तीच.

मग त्या तुकड्याला म्हणायचं काय? आजींना विचारलं तर त्यांनी बोटानं दाखवायला सुरुवात केली: हे मालकांचं धोतर, हे थोरलीचं परकर, हे माझं इरकल. त्यांना वेगळं नाम लागतच नव्हतं. आपल्याला बोलताना, लिहिताना लागतं, म्हणून इथे विचारते आहे.

आणखी एक. आजकाल 'क्विल्ट'ला सर्रास रजई लिहितात, ते मला खटकतं. रजईत आणि दुलईत कापूस भरलेला असतो, त्यासाठी पिंजाऱ्याकडून तो पिंजून घ्यावा लागतो. गोधडीत कापडावर कापडाचे थर असतात आणि धावदोरा, म्हणजे साधा सरळ टाका, ते सगळे थर एकत्र धरून ठेवतो. वाकळ हा त्याच कुळातला शब्द. वल्कलापासून वाकळ आली असं सांगतात, आणि फाल्गुनाचा फागुन होतो तसा इथेही ल गळालेला दिसतो. मला ही व्युत्पत्ती मनापासून आवडते, कारण झाडाच्या सालीचंही काम अंग झाकण्याचंच.

पट्टणकोडोलीला घोंगडी पाहिली. ती या कुळातली नाही. ती मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली, आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावलेली. भिजलेली घोंगडी उचलून पाहिली तेव्हा 'भिजत घोंगडं' का म्हणतात ते हाताला कळलं. लोकर पाणी पिऊन जड होते आणि लवकर वाळायचं नाव घेत नाही.

हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी', म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून आणि इतर बंदरांतून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला भागातही राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी आणि कन्नड मिसळलेली असल्यानं आमचं निम्मं बोलणं दुभाष्याशिवाय झालं. कवंदी कडेपासून सुरू होते. तुकड्याची कड दुमडून धावदोरा घालत, गोल फिरत, आत मध्याकडे यायचं. आधी मोजमाप नाही, खडूची रेघ नाही. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी पानं बसवतात, त्यांना म्हणतात 'फुला'. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही! फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

प्रतिसाद १
आम्ही बेळगावचे. आमच्या कन्नड शेजारणी गोधडीला 'कौदी' म्हणतात. तुमची कवंदी त्याच कुळातली वाटते. तुकड्यासाठी 'जोड' कसा वाटतो? घरी आई म्हणायची, "दुपट्याला निळा जोड दे."

प्रतिसाद २
वऱ्हाडात आमची आजी 'वाकय' म्हणायची, आमच्याकडं ळचा य होतो. 'चिंधी' मात्र सुचवू नका कुणी. आमच्याकडं चिंधी म्हणजे टाकाऊच. मी 'खण' म्हणेन. कपाटाचा खण, चोळीचा खण. चौकोनही आला, कापडही आलं.

मूळ लेखिका
ताई, 'खण' वाचून मी उठून बसले. चौकोन आणि कापड दोन्ही एका शब्दात! एकच अडचण दिसते: चोळीचा खण कोरा असतो, ओटीत घालायचा असतो, आणि गोधडीत वापरलेलं कापड जातं. मऊ झालेलं कापडच सुईला सोपं जातं, अंगालाही तेच हवं असतं. त्यामुळे कोऱ्या कापडातून मुद्दाम कापलेल्या चौकोनाला खण म्हणावं, आणि जुन्या लुगड्या-धोतराच्या तुकड्याला बेळगावच्या दादांच्या आईसारखं जोड. कवंदीतल्या वेड्यावाकड्या तुकड्यांनाही जोडच शोभतो.

'दंड घालणे' अजून कुणाच्या घरी बोलतात का? आणि धावदोऱ्याला तुमच्या भागात दुसरा शब्द असेल तर गावासकट लिहा, माझ्या वहीत उतरवून घेते आहे.