छोट्या विजेरी मोटारींसाठी सामाईक प्लॅटफॉर्म: प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र यावे का?

यंत्रमित्र (धागाकर्ता):

छोटी विजेरी मोटार अजून पुरेशी स्वस्त का नाही, असे विचारले की बहुतेक जण बॅटरीकडे बोट दाखवतात. हे उत्तर दिवसेंदिवस अपुरे पडू लागले आहे. ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता. त्या हिशेबाने शहरी वापराला पुरणारा ३० किलोवॅट-तासांचा पॅक साडेतीन हजार डॉलरांच्या आत बसायला हवा. प्रत्यक्षात लहान पॅकला दर किलोवॅट-तासामागे खर्च जास्त येतो, कारण कवच, वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर, फ्यूज, सेलवर नजर ठेवणारी बीएमएस आणि हाय-व्होल्टेज कनेक्टर हा सगळा पसारा मोठ्या पॅकला जेवढा लागतो जवळजवळ तेवढाच लहान पॅकलाही लागतो.

माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. गाडी आखूड केली की पत्रा कमी होतो, सेल कमी होतात, पण तिच्यामागचे अभियांत्रिकीचे काम कमी होत नाही. साडेतीन मीटरची गाडी झाली म्हणून तिला समोरून, बाजूने आणि खांबावर आदळवून पाहणे टळत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचे सॉफ्टवेअर तितक्याच काटेकोरपणे तपासावे लागते, तळाच्या पत्र्यांचे साचे करावेच लागतात, आणि हा सगळा खर्च नेमका अशा गाडीवर पडतो जिच्यातून सुटणारा नफा मुळातच तुटपुंजा असतो. मोठ्या एसयूव्हीच्या किमतीत तो मुरून जातो, छोट्या गाडीत तो उघडा पडतो. म्हणूनच कंपन्या छोट्या गाड्यांतून अंग काढून घेतात आणि ग्राहकाला गरजेपेक्षा मोठी, जड गाडी घ्यावी लागते.

यावर मला एकच खात्रीचा उपाय दिसतो. दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांनी गाडीचा तळ, बॅटरीचे कवच, पुढची-मागची सबफ्रेम (चाकांचे भाग ज्यावर बसतात ती चौकट), हाय-व्होल्टेज वायरिंग आणि मूलभूत नियंत्रण-सॉफ्टवेअर, म्हणजेच गाडीचा ‘प्लॅटफॉर्म’, एकत्र विकसित करावा; वरची बॉडी, अंतर्भाग आणि सस्पेन्शनचे ट्यूनिंग ज्याचे त्याने करावे. निस्सान आणि मित्सुबिशी यांनी २०११ मध्ये एनएमकेव्ही ही संयुक्त कंपनी काढली आणि तिच्यातूनच २०२२ मध्ये साकुरा आणि ईके क्रॉस ईव्ही या जुळ्या विजेरी केई-कार (जपानमधल्या सर्वांत छोट्या वर्गातल्या गाड्या) आल्या. २० किलोवॅट-तासांची बॅटरी, डब्ल्यूएलटीसी या प्रमाणित चाचणीनुसार १८० किलोमीटरचा पल्ला आणि सुमारे १०७० किलो वजन: शहरातल्या रोजच्या फिरण्याला याहून जास्त काही लागत नाही. युरोपात रेनो ५, रेनो ४, अल्पीन ए२९० आणि नवी निस्सान मायक्रा एकाच प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेही रेनोच्या अँपिअर प्लॅटफॉर्मवर युरोपसाठी दोन विजेरी गाड्या काढण्याचा करार जाहीर केला. एवढी मोठी कंपनी छोट्या गाडीचा तळ स्वतः बांधायचे टाळते, तेव्हा या क्षेत्रात एकट्याने चालणे परवडत नाही याचा आणखी पुरावा काय हवा?

विद्युल्लता:

यंत्रमित्र, खर्चाबद्दलचा आपला मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आपण एकत्र बांधायच्या गोष्टींच्या यादीत पहिले नाव ‘तळ’ हे घातले आहे, आणि माझ्या मते छोट्या गाडीत सर्वांत शेवटी सामाईक करावी अशी ती गोष्ट आहे.

बॅटरी तळाखाली सपाट पसरायची म्हटले की पॅकची जाडी, त्याखालचे संरक्षक कवच आणि जमिनीपासूनचे अंतर या तिन्हींची बेरीज होते आणि प्रवाशाच्या टाचा वर उचलल्या जातात. पावणेपाच मीटरच्या गाडीत ही उंची चाकांमधल्या लांब अंतरात पचते, कारण पाय पुढे लांबवायला जागा असते. साडेतीन मीटरच्या गाडीत पाय लांबवता येत नाहीत, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आसनाचा आधार उरत नाही. मग आसन उंच करा, आसनासाठी छत उंच करा, छत उंच केल्यावर समोरून वारा झेलणारे क्षेत्रफळ वाढले म्हणून महामार्गावरचा पल्ला घटला, आणि पल्ल्यासाठी पुन्हा सेल वाढवा. हे चक्र तोडायचे असेल तर पॅकचा आकार त्या विशिष्ट गाडीतल्या माणसांच्या बसण्यानुसार ठरावा लागतो: कुठे आसनांखाली जाड, कुठे पायांपाशी पातळ किंवा अजिबात नाही. चार कंपन्यांच्या चार वेगवेगळ्या लांबीच्या गाड्यांना चालेल असा तळ करायला घेतलात, तर हे स्वातंत्र्य पहिल्याच बैठकीत संपते.

दुसरी गोष्ट वजनाची. सामाईक तळातला प्रत्येक भार वाहणारा भाग त्या कुटुंबातल्या सर्वांत जड गाडीचा विचार करून आखावा लागतो. दारांखालून जाणारी सिल, तिच्या आतले ॲल्युमिनियमचे कप्पे, सबफ्रेमचे बोल्ट, ब्रेकची चकती, यांतले काहीही फक्त धाकट्या भावंडासाठी बारीक केले की ‘सामाईक’ या शब्दाला अर्थ राहत नाही. आणि बारीक केले नाही तर धाकटी गाडी मोठीचे ओझे जन्मभर वाहते. ५२ किलोवॅट-तासांची रेनो ५ साडेचौदाशे किलोच्या घरात जाते. ती उत्तम गाडी आहे, पण तिला साकुराच्या पंक्तीला बसवून ‘छोटी’ म्हणणे मला पटत नाही.

आणि साकुराचे उदाहरण तर आपल्या विरोधात जाते. जपानमध्ये केई-कारची कमाल लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर कायद्यानेच ठरलेली आहे. दोन्ही कंपन्यांना हवा असलेला डबा तंतोतंत सारखाच होता, म्हणून तिथे मतभेदाला जागाच नव्हती. शिवाय तो तळ पेट्रोलवर चालणाऱ्या केई-कारकडून आलेला आहे, विजेरी गाडीसाठी कोरा बांधलेला नाही. जिथे कायद्याची अशी चौकट नव्हती तिथे काय झाले ते पाहा. होंडा आणि जनरल मोटर्स यांनी एप्रिल २०२२ मध्ये परवडणाऱ्या विजेरी गाड्यांची मालिका एकत्र विकसित करण्याचे जाहीर केले. पहिल्या गाड्या २०२७ मध्ये यायच्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली.

गणिती:

विद्युल्लता यांच्या बाजूने एक मुद्दा जोडतो, तो जोखमीचा. ह्युंदाईने २०२१ च्या सुरुवातीला बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे सुमारे ८२ हजार गाड्या परत बोलावल्या, त्यांत बहुतांश कोना या मॉडेलच्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सने तोवर बनलेल्या सगळ्या शेव्हरोले बोल्ट परत बोलावण्याच्या कक्षेत आणल्या. दोन्हींतले सेल एलजीचे होते, आणि एलजीने पुढे जनरल मोटर्सला १.९ अब्ज डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. केवळ सेल एका घरचे असताना ही अवस्था झाली. कवच, थंडावा देणारी यंत्रणा आणि सॉफ्टवेअरही एकच असते, तर एका दोषाने बाजारातल्या छोट्या विजेरी गाड्यांचा मोठा हिस्सा एकाच दिवशी रस्त्यावरून उतरवावा लागला असता.

यंत्रमित्र:

गणिती, आपण दिलेले उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. ह्युंदाई आणि जनरल मोटर्स यांच्यात प्लॅटफॉर्मची भागीदारी नव्हती, तरी धोका दोघांच्या वाट्याला आला. पुरवठादारांच्या पातळीवर गाड्या आजही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फरक इतकाच की हे गुंतणे ग्राहकाला दिसत नाही आणि त्याची जबाबदारी कोणा एकाकडे नसते. प्लॅटफॉर्म उघडपणे सामाईक असेल तर एका ठिकाणी आढळलेला दोष बाकीच्यांना त्याच आठवड्यात कळवणे करारानेच बंधनकारक करता येते, आणि चार कंपन्यांच्या गाड्यांतून गोळा होणारी तक्रारींची माहिती एकटीच्या माहितीपेक्षा लवकर बोलू लागते.

विद्युल्लताताई, टाचांच्या उंचीचे आपले विवेचन अचूक आहे. पण त्यातून ‘एका तळावर सगळ्या लांबीच्या गाड्या नकोत’ इतकेच सिद्ध होते, आणि ते मीही म्हणत नाही. माझा प्रस्ताव एका अरुंद पट्ट्यापुरता आहे: साधारण ३.४ ते ३.८ मीटर, चार आसने, पुढच्या चाकांना मोटर. फोक्सवॅगन अप, स्कोडा सिटिगो आणि सेआट मी ही तिळी भावंडे अशाच पट्ट्यात होती, आणि पुढे तिघींच्याही विजेरी आवृत्त्या निघाल्या.

होंडा-जनरल मोटर्सच्या योजनेत मुळात ‘परवडणारी’ हा किमतीचा निकष होता, आकाराचा नव्हता. आकार आधी ठरवून मग भागीदार शोधावा असे माझे म्हणणे आहे.

विद्युल्लता:

अप, सिटिगो आणि मी या तिघींची मालकी एकाच समूहाकडे होती, त्यामुळे मतभेद झाल्यास निकाल देणारे एकच कार्यालय होते. प्रतिस्पर्ध्यांच्या भागीदारीत ते नसते. शिवाय एकाच समूहात राहूनही काय घडते ते फोक्सवॅगनच्या एमईबी या विजेरी प्लॅटफॉर्मने दाखवले. मागच्या चाकांना मोटर धरून आखलेला हा प्लॅटफॉर्म मोठ्या गाड्यांना उत्तम लागू पडला, फोर्डनेही तो घेतला. पण २०२३ मध्ये पंचवीस हजार युरोंच्या आतली आयडी. २ऑल ही छोटी संकल्पना-गाडी दाखवायची वेळ आली तेव्हा मोटर पुढे आणावी लागली. छोट्या गाडीने प्लॅटफॉर्मचे ऐकले नाही, प्लॅटफॉर्मलाच तिचे ऐकावे लागले.

पाना-पक्कड:

मी विजेरी गाड्यांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून ही चर्चा मला दुसऱ्या टोकाकडून दिसते. गाडी विकली जाते त्या दिवसापर्यंतचाच विचार वर झाला आहे. छोट्या विजेरी गाडीचे खरे मोल दहाव्या वर्षी ठरते, जेव्हा पॅक थकलेला असतो आणि नवा पॅक गाडीच्या उरलेल्या किमतीपेक्षा महाग पडतो.

मित्सुबिशीची आय-मिएव्ह आणि तिचीच रूपे असलेल्या प्यूजो आयऑन व सिट्रोएन सी-झीरो या गाड्या घ्या. तीन बोधचिन्हे आणि एक गाडी, म्हणजे सुट्या भागांचा आनंदीआनंद असायला हवा. मूळ पॅकमध्ये ८८ सेल, क्षमता १६ किलोवॅट-तास. पुढे फ्रेंच जोडीच्या पॅकमध्ये सेल ८० वर आले आणि क्षमता १४.५ किलोवॅट-तासांवर. बाहेरून गाडी तीच, आत मात्र बीएमएसची अपेक्षा वेगळी. एका गाडीतला पॅक काढून दुसरीत बसवायचा तर पाने चालतात, सॉफ्टवेअर अडवते. त्यामुळे ‘प्लॅटफॉर्म सामाईक आहे’ हे वाक्य मालकाच्या काही कामाचे नसते, जोवर जोडणीची मापे, कनेक्टरचा प्रकार, थंडाव्याच्या नळीचा व्यास आणि बीएमएसचा संवाद हे सगळे लेखी, जाहीर आणि पुढची पंधरा वर्षे न बदलणारे नसते.

प्लॅटफॉर्म एकत्र बांधायला माझा विरोध नाही. कंपन्यांनी तो फक्त आपापसांत वाटून दुरुस्ती करणाऱ्यांपासून कुलूपबंद ठेवण्याला आहे. सामाईक तळावरची गाडी एका बेपत्ता सॉफ्टवेअर-परवानगीमुळे भंगारात जाणार असेल, तर त्या काटकसरीचा लाभ फक्त कारखान्याला झाला.

विद्युल्लता:

पाना-पक्कड यांनी जे मांडले आहे ते मी मनापासून उचलून धरते, आणि त्यातूनच माझा प्रतिप्रस्ताव निघतो. जोडणीची मापे सामाईक करा, सेलचे मॉड्यूल (अनेक सेल एकत्र बांधलेला ठोकळा) सामाईक करा, बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा इन्व्हर्टर आणि मोटर सामाईक करा. साकुराची मोटर निस्सानने चारही चाकांना जोर मिळणाऱ्या आपल्याच नोट ई-पॉवर या गाडीच्या मागच्या आसाकडून घेतली, त्यासाठी तळ एक असण्याची गरज पडली नाही. पण सिल, आसनांची जागा आणि टाचांची उंची ज्याची त्याला ठरवू द्या.

यंत्रमित्र:

इथेच आपले खरे मतभेद आहेत, ताई, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. युरो एनसीएपी या युरोपातल्या वाहन-सुरक्षा चाचणी संस्थेच्या खांबाच्या चाचणीत गाडी ताशी ३२ किलोमीटर वेगाने तिरकी सरकत २५४ मिलिमीटर व्यासाच्या कडक खांबावर आदळते. तो मार आधी सिल घेते, सिल चिरडत असताना तो तळाच्या आडव्या पट्ट्यांत जातो, आणि आजच्या बहुतेक रचनांत हे आडवे पट्टे बॅटरीच्या कवचाचा भाग असतात किंवा त्याला बोल्टने जखडलेले असतात. सिल किती सेंटिमीटर दबणार यावर पहिला सेल कवचाच्या कडेपासून किती आत ठेवायचा ते ठरते. त्यामुळे कवच सामाईक आणि सिल स्वतंत्र असे म्हटले की प्रत्येक कंपनीला बाजूच्या धडकेचे गणित, संगणकावरची प्रारूपे आणि गाड्या फोडून केलेल्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागणार. मोटर आणि इन्व्हर्टर आजही पुरवठादाराकडून विकत मिळतात, तिथे वाचवायचे फारसे उरलेले नाही. पैसा सिलमध्ये आहे.

विद्युल्लता:

मग कवचही स्वतंत्र राहू द्या. रेनो ५ च्या ५२ किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये चार मोठी मॉड्यूल आहेत, ४० किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये तीन. असे एखादे मॉड्यूल लांबी, रुंदी, उंची, बोल्टची जागा आणि संवादाची भाषा यांसह चार कंपन्यांनी प्रमाण मानले, तर कोणी ती दोन आसनांखाली ठेवील, कोणी तीन सलग मांडील, आणि पाना-पक्कड यांना दहाव्या वर्षी बदलायला तोच ठोकळा मिळेल. बाजूच्या धडकेचा खर्च प्रत्येकीला सोसावा लागेल हे खरे आहे. साडेतीन मीटरच्या गाडीत खांब आणि माणसाची मांडी यांत जेवढे अंतर असते, तेवढ्यात तो खर्च दुसऱ्याच्या आकृतीवर सोपवायला मी तयार नाही.