वय आणि मधली रिकामी वर्षं: अर्जात सांगावीत की झाकावीत?

पुन्हा_रुजू

पन्नाशीनंतर नोकरी शोधायला निघालेल्या माणसाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो. जन्मतारीख काढा, पदवीचं साल काढा, पंधरा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्या गाळा, केस रंगवून जा. माझं मत याच्या अगदी उलट आहे. ते इथे मांडते. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

मी हिशेब विभागात होते. घरातल्या दीर्घ आजारपणामुळे नोकरी सोडली आणि चोपन्नाव्या वर्षी परत रुजू झाले. मधल्या मुलाखतींमध्ये एक गोष्ट लक्षात आली. गॅप झाकली की समोरचा माणूस तीच शोधत बसतो. "मग त्यानंतर काय केलंत?" "म्हणजे तेव्हा कुठे होतात?" असं करत निम्मी मुलाखत त्यातच जाते आणि कामाबद्दल बोलायला वेळच उरत नाही. आपणहून सुरुवातीलाच तीन वाक्यांत सांगितलं की विषय मिटतो: काय झालं होतं, ती जबाबदारी आता संपली आहे, आणि अलीकडे मी नवीन काय शिकले. यातलं तिसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ते नसेल तर पहिल्या दोन वाक्यांना फक्त सहानुभूती मिळते, नोकरी मिळत नाही.

शिवाय काही दारं अशी आहेत की तिथे गॅप हीच पात्रता असते. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने २००८ मध्ये 'रिटर्नशिप' नावाने योजना सुरू केली: खंडानंतर परतणाऱ्यांना काही आठवडे पगारी काम द्यायचं, आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवायचं. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी तसंच केलं. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेकसाठी स्वतंत्र रकाना आहे. ज्याने गॅप पुसून टाकली, त्याला या दारांवर थाप तरी कशी मारता येणार?

खिडकीशेजारी

ताई, तुमचं सगळं म्हणणं मुलाखतीच्या खोलीत शिरल्यानंतरचं आहे. आमचा प्रश्न त्या खोलीपर्यंत पोचण्याचा आहे.

मी अठ्ठावन्न वर्षांचा. उत्पादन नियोजनात काम केलं, कंपनी बंद झाली. पूर्ण कारकीर्द आणि जन्मतारीख घालून अर्ज पाठवत होतो तेव्हा नकारसुद्धा येत नव्हता. तारीख काढली, शेवटच्या दोनच नोकऱ्या ठेवल्या आणि फोन यायला लागले. अनुभव तोच, माणूस तोच.

हा माझा एकट्याचा अनुभव नाही. न्यूमार्क, बर्न आणि बटन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत चाळीस हजारांहून अधिक बनावट अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले. त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कौशल्यं सारखी, वय वेगळं. कार्यालयीन कामाच्या जागांसाठी तिशीच्या आसपासच्या स्त्रियांना साधारण १४ टक्के अर्जांवर बोलावणं आलं, पासष्टीच्या आसपासच्या स्त्रियांना ८ टक्क्यांहून कमी. पुरुषांच्या बाबतीत पुरावा इतका ठाम निघाला नाही. म्हणजे तुम्ही देताय तो सल्ला सगळ्यांत महाग पडणार तो तुमच्याच मैत्रिणींना.

आणि चाळणी माणूसच लावतो असंही नाही. ऑनलाइन शिकवणी देणाऱ्या आयट्यूटरग्रुप या कंपनीवर अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने खटला भरला होता. आरोप असा की त्यांचं सॉफ्टवेअर ५५ आणि त्यापुढच्या स्त्रियांचे, ६० आणि त्यापुढच्या पुरुषांचे अर्ज आपोआप बाद करत होतं. २०२३ मध्ये ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटलं. त्या यंत्रापुढे तुमची तीन वाक्यं कोण ऐकणार होतं?

भरती_विभाग

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून लिहितोय. दोघांशीही अर्धाच सहमत आहे.

जन्मतारीख न लिहिणं म्हणजे लपवणं नव्हे. कामाशी संबंध नसलेली माहिती द्यायची गरजच नाही, आणि ती न दिसल्याने माझं काही बिघडत नाही. पण दहा वर्षांचा खंड दिसू नये म्हणून जुन्या नोकरीची तारीख पुढे ओढलेली मी पाहिली आहे. तिथे मात्र विषय संपतो. आधीच्या कंपनीत फोन केला की ते बाहेर येतंच, आणि मग माणूस कितीही चांगला असला तरी मला त्याच्यासाठी भांडता येत नाही. गाळणं आणि खोटं लिहिणं यांत फरक आहे, आणि तो या धाग्यावर पुसट होऊ नये.

आता ज्येष्ठ उमेदवारांबद्दल. "तुम्ही या जागेसाठी ओव्हरक्वालिफाइड आहात", म्हणजे जागेच्या मानाने जास्तच पात्र आहात, असं आम्ही म्हणतो तेव्हा मनात बहुतेक वेळा तीन शंका असतात. पगार परवडणार नाही. हा माणूस चांगलं काही मिळालं की जाईल. आणि वयाने लहान साहेबाचं ऐकणार नाही. उमेदवाराने या शंकांना आपणहून हात घातला तर मला पुढे बोलता येतं. फार थोडे जण तसं करतात.

एक कटू गोष्ट. "मला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे" हे वाक्य उत्तर म्हणून पुरेसं नसतं. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरतपासणी केली. त्यात अनुभवाच्या नुसत्या वर्षांचा पुढच्या कामगिरीशी संबंध फारच क्षीण निघाला. सगळ्यांत वर आली ती आखीव मुलाखत: प्रत्येकाला तेच प्रश्न आणि उत्तरांना आधीच ठरवलेले गुण. आमच्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी गप्पा मारून माणसं निवडतात. त्या गप्पांमध्ये आपल्यासारखाच दिसणारा, आपल्याच वयाचा माणूस आवडून जातो. ज्येष्ठांचं खरं नुकसान तिथे होतं, आणि ती दुरुस्ती आमची आहे, उमेदवारांची नाही.

नवीन_पदवीधर

मला इथे वेगळीच बाजू मांडायची आहे. राग मानू नका.

माझ्या वर्गातले अर्धेअधिक अजून पहिल्या नोकरीच्या शोधात आहेत. सुरुवातीच्या जागांसाठीही 'दोन वर्षांचा अनुभव' मागतात. त्याच जागांवर तीस वर्षं काम केलेली माणसं कमी पगारात यायला तयार असतील तर आमचा नंबर कधी लागणार? ज्यांचं घर झालंय, मुलं मार्गी लागली आहेत, थोडी बचत आहे, त्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. आणि खंडानंतर परतणाऱ्यांसाठी खास योजना असतात, तशा आमच्यासाठी किती असतात?

आकडेवारी_वाचक

नवीन_पदवीधर, तुमची अडचण खरी आहे, पण कारण चुकीच्या माणसावर लावताय. नोकऱ्यांची संख्या ठरलेली असते आणि एकाने सोडली तरच दुसऱ्याला मिळते, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञांनी अनेकदा तपासली आहे. ग्रुबर आणि वाइज यांच्या संपादनाखाली २०१० मध्ये बारा देशांच्या अभ्यासाचा ग्रंथ निघाला. ज्येष्ठांना लवकर निवृत्त केल्याने तरुणांना जास्त काम मिळालं, असा पुरावा त्यात सापडला नाही. कमावणारा माणूस खर्चही करतो आणि त्यातून दुसऱ्याचं काम उभं राहतं.

एखाद्या कंपनीत एखादी जागा अडलेली असू शकते, हे मान्य. पण त्यावरून "पन्नाशीच्या लोकांनी घरी बसावं" असा नियम निघत नाही. 'मुलं मार्गी लागली, बचत आहे' हे तर फारच सरसकट झालं. या वयात परत निघणाऱ्या कित्येक जणी घटस्फोटानंतर किंवा नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या पगारासाठी निघालेल्या असतात.

नवीन_पदवीधर

शेवटचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. बारा देशांचा अभ्यास मात्र मला दिलासा देत नाही. सरासरीत जागा वाढत असतील, मी ज्या जागेसाठी अर्ज करते ती एकच असते.

जुना_यंत्रचालक

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत १९६७ च्या कायद्यानुसार चाळीस आणि त्यापुढच्यांना वयावरून नाकारण्याला बंदी आहे. ब्रिटनने २०११ मध्ये ठरावीक वयाला सक्तीने निवृत्त करण्याची सरसकट मुभा मोडीत काढली. जपानने २०२१ पासून सत्तरीपर्यंत काम मिळावं यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. तरीही खिडकीशेजारी यांनी दिलेले आकडे त्याच अमेरिकेतले आहेत. वयामुळे नाकारलं हे सिद्ध कसं करणार? नकाराच्या पत्रात कुणी तसं लिहीत नाही.

मला जास्त पटतं ते बीएमडब्ल्यूने केलेलं काम. २००७ मध्ये त्यांनी जर्मनीत डिंगोलफिंगच्या कारखान्यातल्या एका जुळणी-साखळीवर मुद्दाम जास्त वयाचे कामगार नेमले, सरासरी वय ४७. मग त्यांनाच विचारलं की त्रास कशाचा होतो. लाकडी जमीन, उंची बदलता येणाऱ्या खुर्च्या, मोठी अक्षरं, भिंगं, कामाची अदलाबदल असे सत्तरेक छोटे बदल झाले. वर्षभरात त्या साखळीची उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. खर्च एखाद्या मोठ्या यंत्राच्या मानाने किरकोळ होता. आपण इथे उमेदवाराने काय झाकावं यावर बोलतोय. जागा माणसाजोगी करायची म्हटली तर एवढं सोपं असतं!

पुन्हा_रुजू

सगळ्यांचं वाचलं. जन्मतारखेबद्दल भरती_विभाग म्हणतात ते मला मान्य आहे. मागितली नसेल तर लिहू नका. खिडकीशेजारी यांच्या आकड्यांपुढे मला वाद घालायचा नाही. पण गॅपच्या बाबतीत मी जागची हलणार नाही, कारण तारीख गाळता येते, दहा वर्षं गाळता येत नाहीत. तिथे रिकामी जागा दिसतेच, आणि वाचणारा ती आपल्या मनाने भरतो. बहुतेक वेळा वाईट अर्थानेच.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. मुलाखत संपत आली की मी विचारायचे, "तुमच्याकडचं एखादं अडलेलं काम मला करून दाखवायला द्याल का?" मला जिथे घेतलं तिथे महिन्याचा बँक ताळमेळ दिला होता, म्हणजे आपल्या वहीतला आणि बँकेतला हिशेब जुळवून फरक कुठे आहे ते शोधायचं होतं. त्यानंतर वयाचा प्रश्न कुणी काढला नाही.

खिडकीशेजारी

नमुन्याचं काम मागायची कल्पना घेतो. तारीख मात्र लिहिणार नाही, आणि इथल्या वाचकांनाही तेच सांगेन.

एक विचारायचं होतं. "तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान साहेब चालेल का?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी अडकवतो. "हो, चालेल" म्हटलं की समोरच्याचा विश्वास बसत नाही असं जाणवतं. तुम्ही काय म्हणालात?

पुन्हा_रुजू

मी 'चालेल' म्हणत नाही. आधीच्या नोकरीतला प्रसंग सांगते. तिथे नवी हिशेबप्रणाली आली तेव्हा ती मला एका नुकत्याच लागलेल्या मुलीने शिकवली, आणि तिच्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी महिनाअखेरचे हिशेब बंद करत नव्हते. तुमच्या नियोजनाच्या कामात असा प्रसंग नक्की असेल. कुणाकडून काय शिकलात आणि त्यामुळे काम कसं बदललं एवढंच सांगा, आणि तिथेच थांबा. साहेबाच्या वयावर आपण होऊन बोलूच नका.